नट बसला म्हणजे जुळला का?

"वहिनी, पाचही नट बसले. आता काय राहिलं?" मिस्त्रींनी चिंधीला हात पुसत मला विचारलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चाक लागलं होतं, जॅक काढायचीच देर होती आणि पहाटे तीनला गाडी टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाकडे निघायची होती. तरी माझ्या मनाला काही पटत नव्हतं.

मैत्रिणींनो, चाकाच्या बोल्टवर एका बाईनं लेख लिहावा, आणि तोही पाककृती नि विणकामाच्या शेजारी, याचं तुम्हाला नवल वाटेल. मी साधी बी. ए. झालेली. सकाळी घरचं आवरायचं, दुपारी शाळेत चार तास मराठी आणि इतिहास शिकवायचा, हा माझा दिनक्रम. यंत्रांशी संबंध म्हणाल तर मिक्सर आणि शिवणयंत्र एवढाच. पण ज्या घराचा निम्मा संसार एका जुन्या गाडीच्या चाकांवर चालतो, त्या घरच्या बाईला त्या चाकांकडे पाठ फिरवून कसं चालेल?

आमचं गाव नारायणगावजवळ. मामंजींनी १९८६ साली घेतलेला जीपच्या वंशातला एक पिकअप आमच्याकडे आहे. घरात त्याला 'म्हातारा' म्हणतात. टोमॅटोच्या हंगामात हे त्यातून नारायणगावच्या बाजारातला माल ओतूर, माळशेज, मुरबाड अशा वाटेनं कल्याणला पोचवतात. दरवर्षी पासिंगला नेताना त्याच्यावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात एका मुलाचं शिक्षण होईल, असं सासूबाई म्हणतात. पण तोच म्हातारा आमची फी भरतो, हेही त्यांना ठाऊक आहे.

२०१९ च्या जुलैत त्याच्या मागच्या एक्सलमधून घरघर सुरू झाली. उघडून पाहिलं तर आतल्या दातेरी चक्रांचे दात झिजून गेलेले. नवे भाग घ्यायचे तर खर्च आवाक्याबाहेर. शेवटी ह्यांनी जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच जातीचा अख्खा एक्सल आणला. दोन्ही टोकांचे हब आणि ड्रम त्याला लागलेलेच होते. मिस्त्री आमच्या अंगणातच येऊन काम करू लागले. पाट्यांचे बोल्ट सोडले, जुना एक्सल काढला, नवा (म्हणजे आमच्यासाठी नवा!) चढवला. संध्याकाळी चाकं लावायची तेवढी राहिली.

उलटे आटे

पहिली अडचण आली डाव्या चाकाला. नट काही केल्या बोल्टवर चढेना. मदतीला आलेल्या पोरानं पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि जोर लावणार, तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "थांब! आटे उलटे आहेत."

बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं होतं. ते काजळी पुसल्यावर दिसलं. आपण झाकण उजवीकडे फिरवून बंद करतो, डावीकडे फिरवून उघडतो. हे बोल्ट नेमके त्याच्या विरुद्ध. तुमच्या घरी सायकल असेल तर तिचा डावा पॅडल असाच उलट्या आट्यांचा असतो. टेबलफॅनचं पातं धरून ठेवणारी टोपीसुद्धा उलटी फिरवूनच निघते. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट असेच असत. चाक पुढं फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढं उतरत्या बुडाचे नट नीट घट्ट केले की दोन्ही बाजूंना सरळ आटे चालतात असं दिसून आलं, आणि ही पद्धत गाड्यांमधून हळूहळू गेली. आमच्या जुन्या एक्सलचे बोल्ट कुणीतरी केव्हाच बदलून सरळ आट्यांचे केले होते. त्यामुळे आमचे नट सरळ आणि आणलेले बोल्ट उलटे, असा हा प्रकार.

पण मला आता वाटतं, ही अडचण प्रामाणिक होती. नट चढलाच नाही. त्यानं तोंडावर 'नाही' सांगितलं. मिस्त्रींनी एक्सल विकणाऱ्याकडून उलट्या आट्यांचे पाच नट मागवले आणि डावं चाक लागलं.

खरा धोका उजवीकडे होता. तिथं सगळं सुरळीत झालं!

"आई, हा वाजतोय"

मी चहा घेऊन गेले तेव्हा उजव्या हबवर अजून चाक चढायचं होतं. आमचा धाकटा, तेव्हा नऊ वर्षांचा, तिथंच उकिडवा बसून नट बोल्टवर फिरवायचा आणि काढायचा खेळ करत होता. एकदम म्हणाला, "आई, हा बघ, हा वाजतोय."

मी नट हातात धरून पाहिला. तीन बोल्टांवर तो घट्टसर, गुळगुळीत फिरत होता. उरलेल्या दोन बोल्टांवरही अगदी सहज जात होता, जरा जास्तच सहज. आणि आत गेल्यावर दोन बोटांनी हलवला की खुळखुळायचा. बरणीवर दुसऱ्याच बरणीचं झाकण लावलं की जसं होतं ना, तसं. बंद झाल्यासारखं दिसतं, पण बरणी उचलली की लोणच्याचं तेल ओघळतं!

मी मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "जुना माल आहे वहिनी, थोडा ढिला असणारच. पान्यानं आवळला की बसतो." त्यांनी चाक चढवलं, पाचही नट हातानं बसवले, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला तो प्रश्न मला विचारला.

हेही म्हणाले, "अगं, उशीर होतोय. माल ठरलाय. तू आत जा, भाकरीचं बघ."

मी गेलेही असते. पण दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या मनात सलत होती. २०१७ साली ह्याच गाडीच्या चाकातून एका सकाळी 'कट्-कट्' आवाज आलेला मी ऐकला होता. बोलले नाही. वाटलं, आपल्याला काय कळतंय, उगाच निघताना खोटी कशाला? त्या दिवशी आणे घाटात समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं हात करून ह्यांना थांबवलं. चाकाचे दोन नट पडून गेलेले होते आणि तिसरा हातानं फिरत होता. हे सुखरूप घरी आले, पण ती रात्र मी जागून काढली. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा असं काही दिसलं तर हसं झालं तरी चालेल, बोलायचं.

म्हणून म्हटलं, "भाकरी झाल्यात. मला हे दोन बोल्ट मोजायचेत."

मोजलं, तरी फसलो

मी मुलाची पट्टी आणली. चाक पुन्हा उतरवायला लागलं म्हणून मिस्त्री थोडे नाराज झाले, पण माणूस सज्जन, उतरवलं. एका इंचात किती आटे आहेत ते मी सुईच्या टोकानं मोजले. घट्ट बसणाऱ्या बोल्टवर वीस. खुळखुळणाऱ्या बोल्टवरही वीस! हे हसले. मिस्त्री म्हणाले, "बघा, आटे तेच आहेत."

माझा चेहरा पडला. तरी शेवटचा उपाय म्हणून मी दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या कुकर बंद करून घरचं व्हर्नियर घेऊन आल्या. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं साधन. वस्तू त्याच्या दोन जबड्यांत धरायची आणि मिलिमीटरचे दहावे भाग वाचायचे. आपण दहावीत-बारावीत पाहिलेलं असतं आणि परीक्षा झाली की विसरलेलं असतं.

तीन बोल्ट निघाले १२.६ मिलिमीटर जाड. दोन निघाले ११.९.

पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरक. बाईंनी तिथंच पाटीवर हिशेब मांडला, तो मी तुम्हाला जसाच्या तसा सांगते.

आमचे नट अर्ध्या इंचाचे, मिस्त्रींच्या भाषेत 'चार सुती'. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. एका इंचात वीस आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. ते दोन परके बोल्ट होते १२ मिलिमीटरचे आणि त्यांच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. फरक अवघा दोन शतांश मिलिमीटरचा! तो पट्टीवर कसा दिसणार? इंचभरात हिशेब येतो वीस आणि वर थोडासा. म्हणून नट न अडकता सुरसुर आत जात होता.

पण जाडीतला फरक मात्र लहान नाही. नटाच्या आतल्या आट्यांच्या कडांमधलं भोक साधारण ११.३ मिलिमीटरचं असतं. योग्य बोल्टचे आटे नटाच्या आट्यांत दोन्ही अंगांनी सुमारे ०.७ मिलिमीटर शिरतात. बारा मिलिमीटरच्या बोल्टचे शिरतात ०.३५. म्हणजे पकड निम्मीच. नवा माल असला तर निम्मी, आणि झिजलेला असला तर त्याहूनही कमी.

हे ऐकून मिस्त्री गप्प झाले. मग म्हणाले, "आवळूनच बघू." त्यांनी चाक चढवलं, ते तीन नट आवळले आणि मग चौथ्याला पाना लावला. नट टेकला, पाना जड झाला, आणि आता घट्ट बसणार असं वाटतं न वाटतं तोच एकाएकी हलका झाला. नट ओढला तर सरळ हातात आला. त्याच्या आत लोखंडाची बारीक, तारेसारखी वेटोळी अडकलेली होती. ते बोल्टचे आटे होते, सोलून निघालेले.

अंगणात कुणी काही बोललं नाही. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. त्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "घाटात निघाला असता तर?"

तीन बोल्ट पुरेसे नाहीत का?

तुम्ही म्हणाल, पाचांतले तीन तर पक्के होते! मलाही तसंच वाटलं होतं. चाक बोल्टवर खुंटीला पिशवी अडकवावी तसं टांगलेलं असतं, अशी आपली समजूत असते. वास्तविक बोल्टचं काम चाकाला हबवर दाबून धरण्याचं. दोरीवरचा कपडा जसा चिमट्याच्या दाबानं राहतो, तसंच. दाब आहे तोवर चाक आणि हब एकजीव होऊन फिरतात. दाब कमी झाला की चाक हबवर किंचित सरकायला लागतं. दर फेऱ्याला थोडं, दर ब्रेकला थोडं. मग रिमची भोकं लांबट होतात, चांगले नटही सैल होतात आणि ज्यांच्यावर वाढीव ताण आला ते बोल्ट एकेक करून तुटतात. भरलेली गाडी, पावसाळी धुकं, उताराची वळणं... पुढचं लिहीत नाही.

त्या रात्री ह्यांनी भाड्याचा टेम्पो ठरवून माल पाठवला. त्या खेपेची सगळी कमाई भाड्यात गेली, वर चार पैसे पदरचे घालावे लागले. ह्यांनी तोंड फुगवलं होतं, खोटं कशाला सांगू? पण सकाळी स्वतःच मिस्त्रींना घेऊन हब उतरवायला बसले.

दोन मापांचं घर

एकाच हबवर दोन मापं कशी आली, हा प्रश्न मला इतिहासाची शिक्षिका म्हणून गप्प बसू देईना. विलिस जीप मूळची अमेरिकन. सगळी मापं इंचांत. तिच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, प्रत्येक अर्धा इंची. इंचांचे हे आटे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ साली एकसारखे ठरवून घेतले. आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर हीच जीप मुंबईत जोडली जाऊ लागली आणि तिच्यासोबत तिचे इंचही आले. मग १९५६ साली आपल्या देशानं मेट्रिक मापांचा कायदा केला, १९५७ साली नवे पैसे आले. शेर गेले, किलो आले. सासूबाई आजही धान्य पायलीत सांगतात आणि आम्ही दुकानदाराला किलोत सांगतो. गाड्यांचंही तसंच झालं. जुन्या इंचांवर राहिल्या, नव्या मिलिमीटरवर आल्या.

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचंच पाहा. तिच्याही चाकाला पाच बोल्ट, वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं, म्हणजे बरोब्बर साडेपाच इंच. पण बोल्ट बारा मिलिमीटरचे आणि आट्यांचं अंतर १.२५. म्हणजे भोकं एकमेकांशी जुळतात, पण नट जुळत नाहीत. यात कुणाही गाडीचा दोष नाही. आपापल्या जागी दोन्ही उत्तम. आमच्या एक्सलच्या कुण्या आधीच्या मालकानं दोन बोल्ट तुटल्यावर हाताला येतील ते बसवले असणार. अडल्या वेळी केलेली सोय तशीच पुढं चालत राहिली आणि आमच्या अंगणात आली.

मिस्त्रींनी दोन्ही हबचे दहाही बोल्ट काढले आणि नवे, एकाच मापाचे, सरळ आट्यांचे बसवले. डावीकडचे उलटे बोल्ट चांगले होते, तेही काढले. कारण विचारलं तर म्हणाले, "वहिनी, रस्त्यात पंक्चर झालं तर मदतीला येणारा माणूस उलट्या आट्यांना सरळ समजून जोर लावतो नि बोल्ट तोडतो." हे मला पटलं.

घरी जुनी गाडी असेल तर

तुमच्या घरी ट्रक, पिकअप, जीप असेल आणि तिला जुन्या बाजारातला एक्सल, हब किंवा ड्रम लागणार असेल, तर एवढ्या गोष्टी नक्की विचारा. विचारायला मिस्त्री व्हावं लागत नाही.

१. चाक चढवण्याआधी प्रत्येक बोल्ट तपासला का? एक पाहून पाचांचा अंदाज बांधू नये. आमचे तीन बरोबर होते, हे विसरू नका.

२. जाडी व्हर्नियरनं मोजली का? नुसते आटे मोजून भागत नाही. आट्यांचं अंतर मोजायला दातेरी पात्यांचं गेज मिळतं, तेही लावून पाहावं. आटे सरळ की उलटे, तेही बघावं.

३. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवावा. मध्येच अडला तर जोर लावू नये. आत जाऊन डुगडुगला तर जास्तच सावध व्हावं.

४. बोल्टची लांबी पुरेशी आहे का? नट किमान बोल्टच्या जाडीइतका आत जायला हवा. अर्धा इंची, वीस आट्यांच्या बोल्टवर हे दहा वेढे होतात. मोजायला अगदी सोपं.

५. नटाचं बूड आणि रिमचं भोक एकाच आकाराचे आहेत का? उतरत्या बुडाचा नट उतरत्या भोकातच नीट टेकतो.

६. बोल्ट बदलायचे तर हबचे सगळे एकदम बदलावेत. बोल्टच्या मानेवरचे दाते हबच्या भोकात घट्ट बसले पाहिजेत. सैल बसतो म्हणून वेल्डिंग करू देऊ नये. उष्णतेनं पोलादाची ताकद जाते.

७. नट चांदणी काढल्यासारखे, एक सोडून एक आवळावेत. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके, टॉर्कच्या पान्यानं. आट्यांना तेल लावू नये. त्यानं तोच आकडा दाखवूनही बोल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

हा शेवटचा मुद्दा आमच्या घरी माझ्याकडं आला आहे. चाकाचं काम झालं की ह्यांच्या पहिल्या खेपेनंतर मी पाना घेऊन अंगणात उभी. सुरुवातीला शेजारी हसायचे, आता त्यांच्या घरच्या बायका विचारायला येतात.

ते दोन बारा मिलिमीटरचे बोल्ट मी टाकले नाहीत. मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवलेत, एक चार सुती नट सोबत घालून. परवा मिस्त्रींचा नवीन मदतनीस आला होता. मिस्त्रींनीच मला हाक मारली, "वहिनी, जरा तो डबा आणा. ह्याला दाखवायचाय."